होनोलुलू ते नान्दी : बारा सेंटिमीटरांचा प्रवास

शाळेतला पृथ्वीगोल बहुधा मुख्याध्यापकांच्या कपाटावर धूळ खात असतो. तो आज खाली काढावा, पुसावा आणि पॅसिफिक महासागराची बाजू समोर धरावी. या बाजूला जवळजवळ काहीच नाही. निळा रंग, आडव्या-उभ्या रेषा आणि काही ठिपके. त्यांपैकी दोन ठिपके आपल्याला हवे आहेत. एक विषुववृत्ताच्या वर, हवाई बेटांमधले होनोलुलू. दुसरा विषुववृत्ताच्या खाली, फिजी बेटांमधले नान्दी. (इंग्रजी नकाशात या गावाच्या नावात 'न' एकदाच दिसतो, पण फिजीच्या भाषेत 'ड' हा नेहमी 'न्ड' असाच उच्चारतात. म्हणून नान्दी. मराठी वाचकाला नाटकाची नांदी आठवेल, पण संबंध काही नाही.)

या दोन ठिपक्यांवर दोरा ताणून धरला आणि गोलाचा व्यास तीस सेंटिमीटर असला, तर दोऱ्याची लांबी बारा सेंटिमीटर भरते. गोलाचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर. म्हणजे हे अंतर परिघाच्या आठव्या भागाएवढे झाले. फ्रेंच क्रांतीच्या काळात मीटरची लांबी ठरवताना ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचे अंतर एक कोटी मीटर धरले होते, त्यामुळे पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटर असतो हे आपण सहज लक्षात ठेवतो. त्याचा आठवा भाग पाच हजार किलोमीटर. ज्यांना दोऱ्यावर भरवसा नाही त्यांनी गोलीय त्रिकोणमितीचे सूत्र वापरावे : दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांची कोसाइन आणि रेखांशांतील फरकाची कोसाइन या तिघांचा गुणाकार, दक्षिण अक्षांश ऋण धरायचे. होनोलुलू २१.३२ अंश उत्तर आणि १५७.९२ अंश पश्चिम, नान्दी १७.७६ अंश दक्षिण आणि १७७.४४ अंश पूर्व. उत्तर ०.६९५६ येते, म्हणजे पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोन ४५.९३ अंश. त्याला साठाने गुणले की २७५६ सागरी मैल, किलोमीटरांत सुमारे ५१००.

येथे एक कबुली द्यायला हवी. आम्ही वर्गात नेहमी सांगत आलो की भिंतीवरच्या नकाशातली सरळ रेषा फसवी असते, खरा जवळचा मार्ग बृहद्वृत्ताचा, आणि तो नकाशावर वाकडा दिसतो. मुंबई ते न्यूयॉर्क हे त्याचे ठरलेले उदाहरण. तेथे दोन मार्गांत दीड हजार किलोमीटरांहून अधिक फरक पडतो. होनोलुलू ते नान्दी हा मार्ग घेऊन आम्ही दोन्ही गणिते केली तेव्हा फरक आला तो एक किलोमीटरसुद्धा नव्हता! कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. हा मार्ग विषुववृत्त ओलांडतो, आणि दोन्ही टोके विषुववृत्तापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. उत्तर गोलार्धात रेषा जेवढी एका बाजूला वाकायची तेवढीच ती दक्षिण गोलार्धात दुसऱ्या बाजूला वाकते. विद्यार्थ्यांना नियम सांगताना तो कोठे लागू पडत नाही हेही सांगायला हवे होते. असो.

अंतर मिळाले. आता वेळ. अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो, हे पाचवी-सहावीतले विद्यार्थीही सांगतील. आजचे जेट विमान या मार्गावर साडेसहा ते सात तास घेते. पण हा भागाकार प्रत्यक्षात पहिल्यांदा केला गेला तेव्हा काय काय घडले ते पाहण्यासारखे आहे.

तो भागाकार करणारे चौघे होते. चार्ल्स किंग्जफर्ड स्मिथ आणि चार्ल्स उल्म हे दोन ऑस्ट्रेलियन वैमानिक, मार्गदर्शक हॅरी लायन आणि रेडिओ सांभाळणारा जेम्स वॉर्नर हे दोन अमेरिकन. विमान फॉकर कंपनीचे, तीन इंजिनांचे. ते त्यांनी ध्रुवप्रदेशांचे संशोधक ह्यूबर्ट विल्किन्स यांच्याकडून घेतले होते आणि त्याचे नाव ठेवले 'सदर्न क्रॉस', म्हणजे दक्षिणेच्या आकाशातला त्रिशंकू हा तारकासमूह. कॅलिफोर्नियातील ओकलंडहून ३१ मे १९२८ रोजी ते निघाले आणि २७ तास २५ मिनिटांनी हवाईत उतरले. हा पहिला टप्पा इतरांनी आधी पार केलेला होता. पुढचा टप्पा कोणीच केलेला नव्हता.

हवाईतल्या नेहमीच्या विमानतळाची पट्टी पेट्रोलने गच्च भरलेल्या विमानाला उड्डाणासाठी पुरेशी नव्हती. म्हणून विमान जवळच्या काउआई बेटावर नेले. तेथील समुद्रकाठच्या जागेचे नाव बार्किंग सँड्स, म्हणजे भुंकणारी वाळू. कोरड्या वाळूवरून चालले की कण एकमेकांवर घासून खरोखरच आवाज येतो. ३ जूनच्या पहाटे ५ वाजून २० मिनिटांनी या पट्ट्यावरून विमान उठले. समोर फिजीची राजधानी सुवा, अंतर ५०७७ किलोमीटर.

केबिनच्या मधोमध पेट्रोलची मोठी टाकी होती. तिच्या पुढे दोन वैमानिक, मागे लायन आणि वॉर्नर. तीन इंजिनांच्या आवाजात ओरडूनही ऐकू येत नसे, म्हणून पुढच्यांनी आणि मागच्यांनी चिठ्ठ्या लिहायच्या आणि काठीच्या टोकाला लावून टाकीवरून पलीकडे सरकवायच्या. "आपण कोठे आहोत?" हा प्रश्न आणि त्याचे उत्तर असे काठीवरून जात-येत होते. विषुववृत्ताच्या आसपास विजांचे मोठे वादळ लागले. या पट्ट्यात दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे एकत्र येतात, दमट हवा वर चढते आणि ढगांच्या भिंती उभ्या राहतात. भूगोलाच्या पुस्तकात आपण याला विषुववृत्तीय शांत पट्टा म्हणतो. त्या चौघांना त्यात शांत काही आढळले नसावे.

३४ तास ३० मिनिटांनी ते सुव्याला पोचले. सुव्याला विमानतळ नव्हता. समुद्राकाठी ग्रँड पॅसिफिक हॉटेलसमोर अल्बर्ट पार्क नावाचे खेळाचे मैदान होते, त्यात ते उतरले. मैदान इतके अपुरे की शेवटी विमान गर्रकन वळवून थांबवावे लागले. तेथून भरलेल्या टाक्यांनिशी पुन्हा उडणे शक्यच नव्हते. म्हणून रिकामे विमान नासेलाई नावाच्या किनाऱ्यावर नेऊन, ओल्या वाळूवरून ते ब्रिस्बेनला निघाले आणि ९ जूनला पोचले.

५०७७ भागिले ३४.५ म्हणजे ताशी १४७ किलोमीटर. आज आपल्या महामार्गांवरून मोटारी सुसाट जातात, त्याहून हा वेग फार अधिक नाही. याच वेगात पायाखाली फक्त पाणी असताना दीड दिवस!

आता तारखेचा घोटाळा. विमान ३ जूनच्या पहाटे निघाले. एक दिवस गेला, एक रात्र गेली, दुसऱ्या दिवशी ते उतरले. वैमानिकांनी एकच रात्र काढली. मग उतरले त्या दिवशी तारीख ४ जून हवी. सुव्याच्या लोकांना विचारले असते तर त्यांनी ५ जून सांगितली असती. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडल्यामुळे त्यांच्या आयुष्यातला जवळपास एक दिवस हिशेबातून निघून गेला. आजही हवाईची घड्याळे ग्रीनिचच्या दहा तास मागे आणि फिजीची बारा तास पुढे असतात, म्हणजे फरक बावीस तासांचा. सोमवारी दुपारी बारा वाजता होनोलुलूहून निघालेले विमान साडेसहा तासांनी नान्दीला उतरते तेव्हा तेथे मंगळवारचे संध्याकाळचे साडेचार वाजलेले असतात. आणि मंगळवारी रात्री दहाला नान्दीहून निघालेला प्रवासी मंगळवारीच सकाळी साडेसहाला होनोलुलूत उतरतो, म्हणजे निघण्याच्या आधी पोचतो! नुसत्या वेळापत्रकावरून प्रवासाचा काळ काढा, असे उदाहरण वर्गात घालून पाहावे. पहिल्या उदाहरणात साडेअठ्ठावीस तास हे उत्तर येईल, दुसऱ्यात ऋण साडेपंधरा. दोन्हींची बेरीज करून अर्धी केली की मात्र साडेसहा तास बरोबर निघतात. असे का होते, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.

घड्याळाची गंमत कागदावरची. वाऱ्याचे प्रकरण तसे नाही.

समजा विमानाचा स्थिर हवेतला वेग ताशी १५० किलोमीटर आहे आणि समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा आहे. जमिनीच्या (येथे पाण्याच्या) हिशेबाने वेग उरला १२०. ५१०० किलोमीटरांना ३४ ऐवजी साडेबेचाळीस तास लागतील. आठ-साडेआठ तास अधिक, आणि तेवढे पेट्रोल अधिक. तोच वारा ताशी ८५० किलोमीटर जाणाऱ्या जेटच्या समोर आला तर सहा तासांच्या जागी सव्वासहा लागतात. म्हणून हवामानाचा अंदाज आजच्या प्रवाशाला पंधरा मिनिटांचा प्रश्न वाटतो, १९२८ साली तो जिवाचा प्रश्न होता.

वैमानिक यावर एक गणित करत असत, आजही करतात : कोठपर्यंत गेले तर परत फिरता येईल? समजा, चाळीस तासांचे पेट्रोल आहे. वारा नसेल तर वीस तास जावे, म्हणजे ३००० किलोमीटर, आणि तेथून परत फिरता येईल. आता जाताना पाठीमागून ३० चा वारा आहे असे धरू. जाताना वेग १८०, येताना १२०. हिशेब केला तर सोळा तासांनी फिरावे लागेल, २८८० किलोमीटरांवरून. वारा उलटा असेल, जाताना १२० आणि येताना १८०, तर चोवीस तासांनी फिरावे लागेल, आणि अंतर? पुन्हा २८८० किलोमीटरच. वारा अनुकूल असो की प्रतिकूल, परतीची हद्द दोन्ही वेळा जवळच येते. "जाताना तोटा झाला तर येताना तेवढाच फायदा होईल" हा आपला नेहमीचा तर्क येथे फसतो, कारण तोटा अधिक काळ सोसावा लागतो आणि फायदा कमी काळ मिळतो. सरासरी वेगाच्या पाठाला याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही. काउआई ते सुवा हा पल्ला अशा हद्दीच्या फार पलीकडचा होता. एकदा ती ओलांडली की मागे हवाई उरत नाही, पुढे फक्त सुवा.

आणि सुवा सापडले पाहिजे. फिजी हा मोठा द्वीपसमूह आहे, डोंगराळ आहे, लांबून दिसतो. छोट्या बेटांची गोष्ट वेगळी. दिशेत एक अंशाची चूक झाली तर तीन हजार किलोमीटरांनंतर विमान बावन्न किलोमीटर बाजूला गेलेले असते. सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून जागा काढायची तर कोनात एक कला चुकली की एक सागरी मैल चुकतो. घड्याळ चार सेकंद चुकले की विषुववृत्तावर पुन्हा एक सागरी मैल, कारण पृथ्वी चार सेकंदांत एक कला फिरते. हलत्या, थरथरत्या विमानातून, ढगांच्या फटीतून तारा धरायचा आणि त्याच वेळी घड्याळ पाहायचे. बरे, ढगांच्या सावल्या पाण्यावर पडतात आणि वरून पाहिले की प्रत्येक सावली बेटासारखी दिसते.

उल्म डिसेंबर १९३४ मध्ये पुन्हा ओकलंडहून हवाईकडे निघाला, दोन सोबत्यांसह. जो टप्पा सहा वर्षांपूर्वी सहज पार पडला होता तोच या वेळी चुकला. त्यांना हवाई बेटे सापडली नाहीत, पेट्रोल संपत आल्याचे संदेश आले आणि नंतर काही नाही. खूप शोध घेतला गेला, काहीही हाती लागले नाही. किंग्जफर्ड स्मिथचा शेवट आपल्या बाजूला झाला. नोव्हेंबर १९३५ मध्ये तो अलाहाबादहून सिंगापूरला निघाला आणि अंदमानच्या समुद्रावर नाहीसा झाला. दीड वर्षाने ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ त्याच्या विमानाच्या चाकाचा भाग सापडला.

अमेलिया एअरहार्ट या अमेरिकन वैमानिक स्त्रीची हकीकत अधिक प्रसिद्ध आहे. पृथ्वीप्रदक्षिणेच्या शेवटच्या टप्प्यांत, २ जुलै १९३७ रोजी, ती आणि मार्गदर्शक फ्रेड नूनन न्यूगिनीतील ले येथून हाउलंड नावाच्या बेटाकडे निघाले. अंतर चार हजार किलोमीटरांहून अधिक, आणि बेटाची लांबी अडीच किलोमीटरसुद्धा नाही. वाटेत वाररेषा होती, त्यामुळे निघाले २ जुलैला आणि एक रात्र काढून पोचणार होते तेही २ जुलैला. बेटाजवळ उभ्या असलेल्या अमेरिकन जहाजाला तिचा आवाज रेडिओवर स्पष्ट ऐकू येत होता, इतकी ती जवळ होती. वीस तासांहून अधिक उड्डाणानंतर तो आवाज थांबला. विमान आजवर निर्विवादपणे सापडलेले नाही.

एवढे होऊनही विमान कंपन्यांना हा मार्ग हवा होता. पण प्रवासी आणि टपाल घेऊन पाच हजार किलोमीटर एका दमात जाईल असे विमान १९३० च्या दशकात त्यांच्यापाशी नव्हते. मध्ये कोठेतरी थांबावे लागणार. पृथ्वीगोलावरचा आपला दोरा पुन्हा ताणून धरा आणि होनोलुलूपासून सव्वासात सेंटिमीटरांवर भिंग लावून पाहा. विषुववृत्ताच्या जरा खाली, दोऱ्याच्या अगदी शेजारी एक ठिपका आहे. कँटन बेट. होनोलुलू ते कँटन सुमारे ३०७० किलोमीटर, कँटन ते नान्दी सुमारे २०४५. बेरीज करा आणि मघाच्या अंतराशी ताडून पाहा. कँटनला थांबून गेल्याने मार्ग दहा किलोमीटरांनीसुद्धा वाढत नाही! एवढ्या मोठ्या महासागरात, जेथे हजार-हजार किलोमीटर जमीन नाही तेथे, नेमके रेषेवर बेट असावे हा निव्वळ योगायोग. आम्ही हे गणित दोनदा तपासून पाहिले.

कँटन हे कंकणद्वीप आहे. प्रवाळाचे चिंचोळे कडे आणि मध्ये खाजण. पाण्यापासून उंची काही मीटरच. गोडे पाणी जवळजवळ नाही, शेती नाही, कायमची वस्ती नव्हती. अशा बेटाची कोणाला पर्वा असणार? पण खाजणाचे शांत पाणी म्हणजे उडत्या नौकांसाठी, अर्थात पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी, आयती धावपट्टी. आणि योगायोगात योगायोग असा की ८ जून १९३७ चे खग्रास सूर्यग्रहण नेमके या बेटावरून जाणार होते. ते विसाव्या शतकातले अतिशय लांबलेले ग्रहण. भर महासागरात खग्रास स्थिती सात मिनिटांहून अधिक टिकणार होती, पण तेथे उभे राहायला जमीन नव्हती. कँटनवर साडेतीन मिनिटांच्या आसपास मिळणार होती आणि दुर्बिणी रोवायला जागा होती. अमेरिकेचे शास्त्रज्ञ त्यांच्या नौदलाच्या जहाजातून आले, न्यूझीलंडचे ब्रिटिश युद्धनौकेतून. खगोलशास्त्रज्ञांचे आपापसांत उत्तम जमले. जहाजांचे मात्र नांगर टाकण्याच्या चांगल्या जागेवरून वाजले. बेट कोणाचे, हा प्रश्न ग्रहणाच्या निमित्ताने उघड झाला. (याच ग्रहणाची सावली वाररेषेच्या पश्चिमेला ९ जूनच्या सूर्योदयाला उतरली आणि पेरू देशात ८ जूनच्या सूर्यास्ताला उठली. ग्रहण सुरू होण्याच्या आदल्या दिवशी संपले!)

पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेने बेटावर हक्क सांगून आपली माणसे तेथे उतरवली. ब्रिटनची माणसे तेथे होतीच. ज्या बेटावर प्यायला पाणी नाही त्यावर दोन महासत्तांचे झेंडे शेजारी शेजारी फडकत होते. शेवटी १९३९ साली तडजोड झाली की पन्नास वर्षे दोघांनी मिळून वापरावे. ग्रहण हे भांडणाचे कारण नव्हते, निमित्त होते. कारण होते ते विमानाच्या टाकीत मावणारे पेट्रोल.

त्याआधी पॅन अमेरिकन कंपनीने दुसरी वाट चाचपून पाहिली होती. मार्च १९३७ मध्ये एडविन म्यूझिक हा त्यांचा ज्येष्ठ वैमानिक होनोलुलूहून किंगमन रीफ आणि सामोआतील पागोपागो या मार्गाने न्यूझीलंडमधील ऑकलंडला गेला. किंगमन रीफ हे बेट म्हणण्याच्याही लायकीचे नाही, लाटांतून डोके काढणारी प्रवाळाची ओळ आहे. तेथे पेट्रोल भरायला एक जहाजच आणून उभे केले होते. पागोपागोचे बंदर डोंगरांनी वेढलेले आणि अरुंद. ११ जानेवारी १९३८ रोजी म्यूझिकचे विमान तेथून निघाले, बिघाड झाला म्हणून परत फिरले, वजन कमी करण्यासाठी हवेतच पेट्रोल सोडू लागले आणि त्याचा स्फोट झाला. सातही जण गेले. ती वाट बंद झाली आणि कंपनीची नजर कँटनकडे वळली. १९४० साली तेथून बोइंगच्या मोठ्या उडत्या नौका नियमित जाऊ लागल्या. होनोलुलू, कँटन, नूमेआ, ऑकलंड.

मग युद्ध आले. कँटनवर प्रवाळ दडपून धावपट्टी झाली, नान्दीलाही मोठा लष्करी विमानतळ झाला. ऑक्टोबर १९४२ मध्ये पहिल्या महायुद्धातला नामवंत वैमानिक एडी रिकनबॅकर याला घेऊन एक बॉम्बफेकी विमान होनोलुलूहून कँटनकडे निघाले आणि त्यांना बेट सापडलेच नाही. पाठीमागचा वारा अंदाजापेक्षा जोरदार होता आणि ताऱ्यांची उंची मोजण्याचे उपकरण आधीच्या धक्क्याने बिघडले असावे, असा निष्कर्ष पुढे काढला गेला. वर सांगितलेले गणितच येथे करून पाहा. वेग ताशी ३२० किलोमीटर धरला तर ३०७० किलोमीटरांना सुमारे ९.६ तास. वाऱ्यामुळे प्रत्यक्ष वेग ३४५ असेल तर तेवढ्या वेळात विमान ३३१० किलोमीटर गेलेले असते. वैमानिक खाली पाहून बेट शोधू लागतो तेव्हा ते २४० किलोमीटर मागे पडलेले असते. तीन हजार मीटर उंचीवरून क्षितिज १९५ किलोमीटरांवर असते, तेव्हा ते दिसणार कोठून? आठ जण रबरी होड्यांत तीन आठवड्यांहून अधिक काळ तरंगत राहिले. एक जण मरण पावला, सात जण वाचले.

युद्धानंतर चार इंजिनांची प्रवासी विमाने याच वाटेने जाऊ लागली : सॅन फ्रान्सिस्को, होनोलुलू, कँटन, नान्दी, आणि पुढे सिडनी किंवा ऑकलंड. डग्लस कंपनीच्या डीसी-४ विमानाचा वेग ताशी ३६५ किलोमीटर धरला तर होनोलुलू ते कँटन साडेआठ तास, कँटन ते नान्दी साडेपाच तास, म्हणजे उड्डाणाचेच चौदा तास. मध्ये पेट्रोल भरायचा वेळ वेगळा.

२९ जुलै १९५९ रोजी क्वांटास कंपनीने सिडनी–सॅन फ्रान्सिस्को मार्गावर बोइंग ७०७ जेट विमाने सुरू केली. ती नान्दी आणि होनोलुलूला थांबत, पण या दोहोंमधला प्रवास एका दमात करत. ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेग धरला तर पावणेसहा तास. एकतीस वर्षांत साडेचौतीस तासांचे सहा तास झाले.

आणि त्यानंतर? त्यानंतर साठांहून अधिक वर्षे गेली आणि हा वेळ कमी झालेला नाही. उलट किंचित वाढला आहे. विद्यार्थ्यांना हे खरे वाटत नाही, कारण प्रत्येक यंत्र दर वर्षी वेगवान होते असा त्यांचा अनुभव. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे पंचावन्न अंशांच्या आसपास थंड असते आणि तेथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १०६० किलोमीटरच असतो. या वेगाच्या जवळ गेले की पंखांवरून जाणारी हवा काही ठिकाणी ध्वनीवेग ओलांडते, आघात-तरंग उठतात आणि रोध एकदम वाढतो. म्हणून प्रवासी विमाने ध्वनीवेगाच्या आठ-दशांशाहून थोडे अधिक, एवढ्यावर थांबतात. तेवढ्यातही वेग जरा कमी ठेवला तर इंधन वाचते. अभियंत्यांनी साठ वर्षांत जे मिळवले ते वेगात दिसत नाही, दर प्रवाशामागे लागणाऱ्या इंधनात आणि पल्ल्यात दिसते. पल्ला इतका वाढला की आज सिडनीहून अमेरिकेला जाणाऱ्या बहुतेक विमानांना नान्दी नको आणि होनोलुलूही नको. कँटनवर जी वेळ आली ती थोडीफार त्यांच्यावरही आली. फरक एवढाच की ती वस्तीची, पर्यटकांची बेटे आहेत.

कँटनवर १९६० च्या दशकात अमेरिकेच्या 'मर्क्युरी' अंतराळयानांचा माग घेणारे केंद्र काही काळ होते. तेही गेले. १९७९ साली किरिबाटी हा देश स्वतंत्र झाला (याचा उच्चार तेथील लोक किरिबास असा करतात) आणि हे बेट त्याच्याकडे आले. आता तेथे सरकारी कामासाठी नेमलेली काही कुटुंबे राहतात. युद्धकाळातली धावपट्टी अजून आहे. जहाज क्वचित येते.

किरिबाटीची बेटे वाररेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली होती. राजधानीत सोमवार असला की कँटनवर रविवार, अशाने कचेरीचे काम आठवड्यातून चारच दिवस एकमेकांशी होई. म्हणून १९९५ च्या आरंभी त्यांनी वाररेषा पूर्वेकडे ढकलली आणि कँटनच्या कालगणनेतून एक दिवस वगळला. तेव्हापासून कँटन आणि नान्दी यांची तारीख बहुतेक वेळ एकच असते आणि कँटन व होनोलुलू यांची बहुतेक वेळ वेगळी. जुन्या पृथ्वीगोलावर वाररेषा कँटनच्या पश्चिमेला काढलेली सापडेल. कपाटावरून काढलेला तुमच्या शाळेतला गोल त्याआधीचा आहे की नंतरचा, हे त्यावरून पाहून घ्यावे.